रद्द करण्यास हरकत नाही

आमच्या ऑफिसातल्या प्रिंटरला टोपडं होतं. खोटं नाही सांगत. क्रोशाचं, पांढरं, कडेनं गुलाबी झालर, आणि मागून वायर बाहेर यायला एक नीट विणलेलं भोक. बडेबाबूंच्या बायकोनं ते विणलं होतं आणि माप घ्यायला त्या खास जाफराबादहून बदनापूरला आल्या होत्या, असं मावशी सांगायच्या. मावशी म्हणजे आमच्या ऑफिसच्या शिपाई. ऑफिसात झाकून ठेवलेल्या वस्तू दोनच, पाण्याचा माठ आणि प्रिंटर. दोन्हीला उष्ट्या हातानं शिवायचं नाही असा नियम होता, आणि माठाच्या बाबतीत तो कधीकधी मोडला तर चालायचा.

हे ऑफिस बदनापूरच्या एका कॉलेजचं. पाच टेबलं, पाच कॉम्प्युटर आणि प्रिंटर एक. तो बडेबाबूंच्या खुर्चीशेजारी लाकडी स्टुलावर बसलेला. बडेबाबू म्हणजे आमचे मुख्य लिपिक. त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, ते पगारपत्रकावर दिसायचं, पण प्राचार्यसुद्धा त्यांना बडेबाबूच म्हणत. मी सगळ्यात कनिष्ठ. राहायला जालन्यात मस्तगडला, रोज रेल्वेनं ये-जा, आणि नोकरी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. ऑर्डर संपली की ती पुन्हा काढायची का नाही, यावर पहिली टिपणी बडेबाबू लिहायचे. त्यामुळे मला त्यांचं हसू आलं तरी मी ओढणी तोंडाला लावून हसायचे.

आता पाच जण एकाच प्रिंटरला कागद पाठवणार म्हटल्यावर कॉम्प्युटरात त्यांची रांग लागते. कोणाचा कागद, त्याचं नाव काय, किती पानं, मालक कोण, कितवा नंबर, सगळं ओळीनं दिसतं. पहिलाच कागद अडकला की मागचे सगळे ताटकळत उभे. साधी गोष्ट आहे. जगात कुठंही अडकलेला कागद रद्द करतात आणि पुढं जातात. पण बडेबाबूंना ती यादी दिसतच नव्हती. त्यांना तिथं माणसं दिसायची.

"रद्द म्हंजे काय?" ते विचारायचे. "तो सकाळधरून उभा हाय रांगेत. त्यानं काय गुन्हा केला?"

म्हणून त्यांची पद्धत अशी. रांग अडकली की ते आधी टोपडं काढून घडी करून खणात ठेवायचे. मग एक लांबडी वही काढायची, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'अडकलेल्या कागदांची नोंदवही' असं लिहिलेलं. रांगेतल्या एकेका कागदाचं नाव, मालक, पानं आणि वेळ वहीत उतरवायची. मग वही काखेत, हातात फूटपट्टी, आणि टेबला-टेबलाला फेरी. "तुमचा कागद. तीन पानं. ठेवायचा का रद्द करायचा?" रद्द म्हणालात तर त्या ओळीपुढं 'रद्द करण्यास हरकत नाही' असं लिहून सही करायची. ती फूटपट्टी कशाला? तर वरच्या ओळी झाकायला. दुसऱ्याच्या कागदाचं नाव वाचणं म्हणजे त्यांच्या मते खिडकीतून कोणाच्या घरात डोकावणं. आणि माणूस काहीच बोलला नाही तर? एक मिनिट घड्याळाकडं बघायचं. तरी गप्पच, तर कागद ठेवला.

यात स्वतःचा कागद ते कायम शेवटी ठेवायचे. नंबर पहिला असला तरी. मी एकदा विचारलं, "काहून हो बाबूसाहेब?" तर म्हणाले, "यजमान पाव्हण्याच्या आधी ताटावर बसतो का?" हे वाक्य त्यांनी गंभीरपणे म्हटलं होतं, आणि समोर ताट नव्हतं, विद्यार्थ्यांच्या बसपासची यादी होती.

प्रिंटचं बटण एकदाच दाबायचं, हा दुसरा नियम. कागद आला नाही की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. पुन्हा दाबतो. मग रांगेत एकाच माणसाचे सात भाऊ उभे. बडेबाबूंचा एरवीचा आवाज म्हणजे देवळात बोलल्यासारखा, पण इथं मात्र ते भडकायचे. "एकदा दाबलं की दाबलं! दवाखान्यात नंबर लावल्यावर डाक्टरचं दार धडाधड वाजवता का तुम्ही?" आमच्या प्राचार्यांनी एकदा दोन पानी सूचना अकरा वेळा दाबली. बडेबाबू वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि दहा ना-हरकती घेऊन आले. एकाखाली एक दहा सह्या. शेवटच्या सह्या बघितल्या तर साहेबांचा पेन कागदातून आरपार गेलेला.

माणसांशी मराठी आणि मशीनशी हिंदी बोलायचे. "चल बेटा, चल. रूठ मत." मी म्हटलं, मशीनशी मराठी का नाही? तर म्हणाले, "ते बाहेरून आलंय. त्याला आपली भाषा कुठून येनार?" म्हटलं, मग हिंदी कुठून येणार? "हिंदी सगळ्यांलाच येती," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. पावसाळ्यात ते कागदाची रिमं फोडून खिडकीच्या कट्ट्यावर पापडासारखी पसरवायचे आणि वर लक्ष ठेवायला मावशींना बसवायचे. कागदाला सर्दी झाली म्हणायचे. मावशी मला हळूच म्हणायच्या, "पोरी, ह्या माणसानं सवताच्या लेकराच्या सर्दीची एवढी काळजी केली न्हाई."

ज्या कागदामुळं खरंच रांग अडकली आहे तो काढायची त्यांची कृती मात्र पक्की होती. कॉम्प्युटरात एक प्रोग्राम असतो, तो सगळ्यांचे कागद जमा करून प्रिंटरला नेऊन देतो. त्याचं इंग्रजी नाव आहे, पण बडेबाबू त्याला हमाल म्हणायचे. "आधी हमालाला खाली बसवायचं. मंग त्याच्या डोक्यावरचं मेलेलं ओझं तेवढं उतरवायचं. बाकीच्याला हात लावायचा न्हाई. मंग हमालाला परत उभं करायचं." म्हणजे तो प्रोग्राम बंद करायचा, त्याच्या फोल्डरमधून अडकलेली तेवढीच फाइल काढायची, प्रोग्राम सुरू करायचा. कुठली फाइल कोणाची हे ते वहीतली वेळ बघून ओळखायचे. हे सगळं करायला एक पासवर्ड लागायचा. तो पासवर्ड एका चिठ्ठीवर, चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात, आणि बंडी बडेबाबूंच्या अंगात.

"मला शिकवा की," मी दोनदा म्हटलं होतं.

"शिकवीन. वेळ आली की."

वेळ येणार कधी? मे अखेरीला ते रिटायर होणार होते. आणि त्यांना व्हायचं नव्हतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. संस्थेच्या सचिवांनी मनात आणलं तर एक वर्षाची मुदतवाढ मिळत असे, एकदोघांना मिळालीही होती. बडेबाबू त्या एका वर्षावर डोळा लावून बसले होते. कोणी विषय काढला की हसून म्हणायचे, "मला बी रद्द करून राह्यले. पण माझी ना-हरकत कोणी घेतली न्हाई." हसायचे खरे, पण हात टोपड्याच्या झालरीशी चाळा करत असायचा. जाफराबादला घर होतं, बायको होती, चांगलं चाललेलं होतं. पण तिथं प्रिंटर नव्हता ना.

आणि अशा वेळेला त्यांचं माझं फाटलं.

त्या मंगळवारी ते रजेवर होते, जाफराबादला कोणाचं तरी साखरपुड्याचं जेवण. मी चारला निघायची परवानगी घेऊन ठेवलेली. आईला जालन्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडं सोडून सकाळी कामावर आले होते. दुपारी तिच्या डोळ्यांत औषध घालून बाहुल्या मोठ्या करणार, मग तिला दोन-तीन तास धड दिसणार नाही, कोणीतरी घरी न्यायला पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे मीच, दुसरं आहे कोण? आणि बरोब्बर तीनला परीक्षेची यादी छापताना रांग अडकली. यादी आजच जायला पाहिजे. बाहेरच्या दुकानात न्यायची नाही असा नियम. साहेब म्हणाले, यादी गेल्याशिवाय कोणी हलायचं नाही.

मी बडेबाबूंना फोन लावला. "बाबूसाहेब, पासवर्ड सांगा जल्दी, माझी आई तिकडं बसलीय."

"फोनवर सांगायची बात न्हाई ती, बाई. मीच येतो."

जाफराबादहून ते आले. आधी जीप, मग एसटी, मग दुसरी एसटी. आले तेव्हा पावणेसात. आल्यावर टोपडं काढलं, घडी केली, वही काढली आणि टेबला-टेबलाला फिरायला लागले. मला वाटलं ते टोपडं त्यांच्याच डोक्यावर घालावं. माझी आई दवाखाना बंद झाल्यावर गेटबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिली होती. समोरून कोण येतंय ते दिसत नव्हतं म्हणून प्रत्येक बाईला विचारत होती, "आलीस का गं?" हे मला तिथल्या पानवाल्यानं सांगितलं. तिनं नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी तक्रार लिहिली. सचिवांच्या नावानं, निनावी. चार मुद्दे. एक, रांगेच्या नावाखाली मुख्य लिपिक अर्धा दिवस वाया घालवतात. दोन, प्रिंटरला टोपडं घातल्यानं कार्यालयाचं हसं होतं. तीन, प्रत्येक रद्द कागदासाठी ना-हरकत घेतात. चार, रांग साफ करायचं काम ते कोणालाच शिकवत नाहीत, पासवर्ड खिशात घेऊन फिरतात, त्यामुळं ते रजेवर गेले की ऑफिस बंद पडतं. या तक्रारीनं त्यांची मुदतवाढ जाईल हे मला माहीत होतं का? माहीत होतं. सचिवांना नकार द्यायला निमित्तच हवं होतं. रागात होते मी, आणि तेव्हा मला ते बरोबर वाटत होतं.

आता कोणी म्हणेल, बयो, निनावी तक्रार ऑफिसच्या प्रिंटरवर छापतात का? अहो, बाहेर छापली असती तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बदनापूरला पाठ झाली असती. जेवणाच्या सुट्टीत बडेबाबू नळावर डबा धुवायला गेले. दहा मिनिटं डबा घासायचे ते, स्टीलचा रंग जाईल इतका. मी दाबलं. एकदाच. प्रिंटर ढिम्म. माझ्या स्क्रीनवर पाहिलं तर माझा कागद चार नंबरला उभा.

आमच्या स्क्रीनवर फक्त आपापला कागद दिसायचा. सगळी रांग दिसायची आणि रद्द करायचा हक्क होता तो बडेबाबूंच्या कॉम्प्युटरवर. आणि तिथं, देवा रे, मालक म्हणून माझं नाव दिसणार होतं. निनावी तक्रार आणि शेजारी मालकाचं नाव! बरं, फाइलला नाव तरी काय द्यावं माणसानं? 'बडेबाबू तक्रार फायनल २'. मी धावत जाऊन प्रिंटरची वायर उपटली. वायर उपटली तरी रांग कॉम्प्युटरात तशीच राहते, हे बडेबाबूंनीच आम्हाला दहा वेळा सांगितलेलं. पण तेव्हा डोकं जाग्यावर होतं कोणाचं?

बडेबाबू डबा पुसत आले. "वायर कोनी वढली?"

त्यांनी वायर लावली, खुर्चीत बसले, रांग उघडली. बघितलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. मग रोजच्यासारखं टोपडं काढलं, घडी केली, वही घेतली, लिहायला लागले. मी शेजारच्या टेबलावरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीकडं बघत होते.

फेरी सुरू झाली. केबिनमध्ये गेले, साहेबांचीच सदतीस पानं अडकली होती, त्यांची ना-हरकत घेतली. मग स्कॉलरशिपच्या टेबलाला गेले. मग माझ्याकडं आले आणि फूटपट्टी लावून वही समोर धरली. त्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'बडेबाबू तक्रार फायनल २, एक पान', आणि पुढं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"बाई, तुमचा कागद. एक पान. ठेवायचा का रद्द करायचा?"

आवाजात काही म्हणजे काही नव्हतं.

"रद्द करायचा आसंल तर हितं सही करा."

म्हणजे काय करू? त्या नावापुढं माझी सही? ती तर कबुलीच झाली. पेनचं टोपण काढलं, परत लावलं. रद्द म्हणायला तोंड उघडलं, आवाज फुटेना. बडेबाबूंनी घड्याळाकडं बघितलं. मिनिटकाटा एक घर पुढं सरकला.

"बरं. ठेवला."

हमाल खाली बसला, साहेबांचं ओझं उतरलं, हमाल उभा राहिला. प्रिंटर खडखडला. एक कागद आला, तो स्कॉलरशिपचा. मग दुसरा आला. बडेबाबूंनी तो पालथाच उचलला, आपल्या टेबलावर नेला, सरळ केला आणि वाचला. सगळा वाचला. मध्ये एकदा माऊस हलवून काहीतरी केलं. मग आवक रजिस्टर ओढलं, माझ्या तक्रारीवर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि टिपणीचा कागद घेऊन लिहीत बसले. अर्धा तास. मग फाइल उचलून थेट केबिनमध्ये.

मी बाथरूममध्ये जाऊन आईला फोन केला, म्हटलं माझी नोकरी गेली. आई म्हणाली, "जाऊ दे. मशीनला टोपडं घालनाऱ्याच्या हाताखाली काय ऱ्हायचं?" आणि मग लगेच म्हणाली, "पर सायबाच्या पाया पडून बघ."

दोन दिवसांनी फाइल जावक नंबर टाकायला माझ्याच टेबलावर आली. तक्रारीखाली बडेबाबूंची टिपणी होती. मुद्दा क्रमांक एक: मान्य नाही. मुद्दा क्रमांक दोन: सदर आच्छादन पत्नीने विणलेले असून सबब काढता येणार नाही. मुद्दा क्रमांक तीन: पद्धत योग्य आहे, पुढे चालू राहील. मुद्दा क्रमांक चार: मान्य. तक्रारदाराने नाव दिलेले नाही, सबब उत्तर कोणास द्यावे हे समजत नाही. तथापि कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ लिपिकास सदर काम आजपासून शिकविण्यात येत आहे. सविनय सादर.

तक्रारदाराने नाव दिलेले नाही म्हणे! वडिलांच्या नावासकट वहीत होतं ते.

त्याच फाइलखाली माझ्या ऑर्डरची फाइल होती. तिच्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'काम समाधानकारक. मुदतवाढ द्यावी.' मला रडू आलं. मावशी म्हणाल्या डोळ्यात कचरा गेला का, मी म्हटलं हो.

त्या दिवसापासून दुपारी ते मला शेजारी बसवून शिकवायचे. "बसवा हमाल. आता वळखा मेलेलं कोनतं. वेळ बघा, वेळ. हां. शाब्बास." तक्रारीचा शब्द कधी काढला नाही. मे आला, संपला. मुदतवाढ आली नाही. शाल, नारळ, समोसे, भाषणं. सचिव आलेच नाहीत. जाताना बडेबाबूंनी पासवर्डची चिठ्ठी माझ्या हातात दिली, मशीनला "संभल के, बेटा" म्हणाले आणि टोपडं तिथंच ठेवून गेले. ऑफिसात सगळे म्हणत होते, कोणा नालायकाच्या तक्रारीनं बिचाऱ्याचं वर्ष गेलं. नालायक समोसा खात उभी होती.

नंतर मी काय केलं ते सांगते, लाज वाटते तरी. आठवड्यात वही कपाटात टाकली. टोपडं धुवायला म्हणून मावशींकडं दिलं ते मागितलंच नाही. रांग अडकली की मी सरसकट सगळं साफ करायचे, ज्याला पाहिजे तो परत दाबील. पासवर्डही बदलला आणि चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. सुरक्षेच्या दृष्टीनं बरं असतं. सगळे खूश होते, मॅडम किती फास्ट काम करतात.

मग एक मुलगी आली. तिला बोनाफाइड दाखला पाहिजे होता, गावाकडून जीपनं यायची. सोमवारी तिचा दाखला रांगेत होता, मी रांग साफ केली, तो गेला. गुरुवारी परत तेच. पुढच्या सोमवारी ती आली आणि मी म्हटलं, "अगं, परत उडाला गं, उद्या ये." ती भांडलीसुद्धा नाही. बाकावर बसून राहिली, मांडीवर पिशवी घेऊन, दाराकडं बघत. मला एकदम डोळ्याच्या दवाखान्याचा कट्टा आठवला. तिचा दाखला तिथंच काढून दिला आणि कपाटातून वही काढली. म्हटलं, पद्धत काय होती ती बघून परत सुरू करावी.

पानं उलटता उलटता तो दिवस आला. चार नंबरला माझी ओळ. 'बडेबाबू तक्रार फायनल २.' पुढं, 'ठेवला.' तेव्हा वरच्या ओळींवर फूटपट्टी होती. आता नव्हती.

तीन नंबरची ओळ होती, 'मुदतवाढ विनंती अर्ज, एक पान. मालक: मुख्य लिपिक.' पुढं त्याच टपोऱ्या अक्षरात, 'रद्द करण्यास हरकत नाही', खाली त्यांची स्वतःची सही. आणि वेळ टाकलेली. माझा कागद निघाला त्यानंतर सात मिनिटांची.

रविवारी मी एसटी पकडून जाफराबादला गेले. घर शोधावं लागलं नाही. त्यांच्या घराला लागून पिठाची गिरणी आहे, आणि तिथं दळणाचे डबे एका ओळीत लावलेले, प्रत्येकावर खडूनं नंबर. शेजारी खुर्ची टाकून बडेबाबू. एक बाई डबा पुढं सरकवत होती आणि ते म्हणत होते, "ताई, त्यो बाजरीवाला सकाळधरून उभा हाय." बाजरीवाला तिथं नव्हताच, त्याचा डबा होता.

मला बघून उठले. घरात नेलं, काकूंनी चहा ठेवला. मी वही उघडून समोर धरली.

"बाबूसाहेब, तुमचा नंबर माझ्या आधी होता."

"व्हता."

"मग तुम्ही अर्ज दिलाच नाही? मी आजवर समजत होते माझ्या तक्रारीनं तुमचं वर्ष गेलं."

"न्हाई हो. अर्जच गेला न्हाई तर नाही कोन म्हननार?"

"पण का?"

त्यांनी चहा बशीत ओतला. "अर्जात मी काय लिवल्तं, म्हाईत हाय का? माझ्याबिगर ह्या ऑफिसात रांग साफ करनं कोनालाच येत न्हाई, सबब मला एक वर्ष ठिवावं. दुसरं कारनच न्हवतं माझ्याजवळ, लई विचार केल्ता. मंग तुमचा कागद निघाला. मुद्दा चार. ह्यांच्याबिगर कोनालाच येत न्हाई, कामून की हे शिकवतच न्हाईत." बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "दोन्ही कागदात बात एकच. फकस्त तुमची बराबर लिवलेली व्हती. एका ऑफिसातून एकच बात दोनदा कशाला पाठवायची?"

मला त्यांची माफी मागायची होती, ती बसमध्ये पाठ करून गेले होते, पण त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी नुसतं म्हटलं, "चुकलं माझं."

"मुद्दा दोन चुकला," ते म्हणाले. "टोपड्याचा. हिला लई लागलं ते." आतून काकू म्हणाल्या, "मला काय बी लागलं न्हाई, ह्यांनाच लागलं."

मग त्यांनी विचारलं, "आता रांग कोन साफ करतं?"

"मीच."

"बिलकुल बराबर करता?"

"करते की."

"आन् तुम्ही रजेवर गेल्यावर?"

पर्स मांडीवर होती. मी नकळत तिच्यावर हात ठेवला असावा, कारण बडेबाबूंनी आधी हाताकडं बघितलं, मग पर्सकडं, मग माझ्याकडं. आणि ते हसले. सात वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा तोंड उघडून हसताना बघितलं. वरचे दोन दात नव्हते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ऑफिसला टपालानं एक पाकीट आलं. आत निनावी तक्रार, हातानं लिहिलेली, टपोऱ्या सुवाच्य अक्षरात, जाफराबादचा शिक्का. एक पान, एकच मुद्दा, आणि त्याचाही नंबर चार.

मी आवक रजिस्टर ओढलं, तक्रारीवर शिक्का मारला, क्रमांक टाकला. खाली टिपणी लिहिली: मुद्दा क्रमांक चार मान्य. तक्रारदाराने नाव दिलेले नाही. फाइल केबिनमध्ये ठेवून आले आणि मावशींना हाक मारली. म्हटलं, "मावशी, ते टोपडं आणा, आणि खुर्ची घेऊन इथं बसा माझ्याशेजारी. आधी हमालाला खाली बसवायचं."